वऱ्हाडातल्या मातीच्या गढ्या: दोनशे वर्षं उभ्या राहिल्या, मग विरघळल्या का?

मूर्तिजापूरहून उत्तरेला दर्यापूरच्या दिशेने निघालं की दोन्ही बाजूंना सपाट काळं रान पसरलेलं असतं. डोंगर नाही, टेकडी नाही, खडकही नाही. तरीही मधूनच एखाद्या गावात घरांच्या वर डोकं काढणारा पांढुरक्या मातीचा उंचवटा दिसतो. त्याच्या एका कोपऱ्यात अर्धवट झिजलेला बुरूज असतो, कुठे नुसतीच दरवाजाची कमान उरलेली असते, माथ्यावर बोरी-बाभळी माजलेल्या असतात. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: "गढी आहे ते. देशमुखांची."

'डाऊनटन ॲबी' या मालिकेमुळे इंग्लंडच्या खेड्यांमधली सरदार घराण्यांची भव्य घरं जगभर पोहोचली. तिथे गावाच्या बाहेर, शेकडो एकर जमिनीच्या मधोमध असं घर असायचं आणि आजूबाजूच्या गावांचा कारभार, खंड, नोकऱ्या, भांडणं असं सगळं त्या घराभोवती फिरायचं. वऱ्हाडात हेच काम गढी करायची. फरक एवढाच की इंग्लंडमधली नावाजलेली घरं दगडविटांची होती आणि वऱ्हाडातली बहुतेक मातीची. म्हणूनच तिकडची घरं तिकीट काढून पाहता येतात आणि इकडच्या गढ्यांचे नुसते उंचवटे उरलेत, असं सहज वाटू शकतं.

पण हे उत्तर पुरेसं नाही. याच मातीच्या भिंतींनी लुटारूंचे हल्ले झेलले आणि कैक पावसाळे काढले. मग त्या कोसळायला लागल्या कधी आणि कशामुळे? त्यासाठी गढी कशी बांधली जायची आणि ती कुणाच्या जोरावर उभी राहायची, हे आधी समजून घ्यावं लागतं.

किल्ला, गढी आणि वाडा यांत फरक काय?

किल्ला राज्याचा असतो. तिथे सरकारी फौज असते, किल्लेदार नेमलेला असतो. वऱ्हाडात नरनाळा आणि गाविलगड हे डोंगरी किल्ले याच प्रकारातले. बाळापूरचा भुईकोट मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंच जागेवर आहे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या नवाबाने बांधलेला हा किल्ला १७५७ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या भिंती पक्क्या विटांच्या आहेत.

वाडा म्हणजे मोठ्या घराण्याचं राहतं घर. त्याला चौक असतात, भिंती जाड असतात, पण तो लढाईसाठी बांधलेला नसतो.

गढी या दोन्हींच्या मधली. आत वाडा आणि बाहेरून तटबुरूज. तिचा मालक राजा नसे, वतनदार असे. परगण्याचा प्रमुख देशमुख, परगण्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावाचा प्रमुख पाटील आणि गावचं दप्तर सांभाळणारा कुलकर्णी, ज्याला वऱ्हाडात पांड्या म्हणत. ही सगळी पदं वंशपरंपरेची होती. सरकार बदलायचं, देशमुख तोच राहायचा. निजामशाही गेली, मोगल आले, पुढे हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले आले. प्रत्येकाला शेतसारा हवा होता आणि तो गावागावांतून गोळा करून देणारा माणूस गढीतच बसलेला होता. त्या बदल्यात त्याला वसुलीतला ठरलेला हिस्सा, इनाम जमीन आणि मानपान मिळायचे.

घराला बुरूज का लागले?

अठराव्या शतकात वऱ्हाडावर एकाच वेळी दोन सत्तांचा हक्क होता. मुलूख निजामाचा, पण महसुलात वाटा भोसल्यांचाही. दोन्हीकडचे अंमलदार वसुलीला येत. या कारभाराला 'दुअमली' म्हणत. दोन मालक असलेल्या मुलखात संरक्षणाची जबाबदारी नेमकी कुणाची, हे मात्र कधीच स्पष्ट नसे.

१८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अडगाव इथे इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला. डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. त्यानंतरची दीड दशकं पेंढाऱ्यांची होती. घोड्यांवरून टोळी येई, गाव लुटून जाई. सरकारी फौज पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असे. अमरावतीच्या जुन्या शहराभोवतीचा दगडी परकोट निजामाच्या राजवटीत बांधला गेला, तोही या पेंढाऱ्यांच्याच भीतीने.

अमरावती व्यापारी पेठ होती, म्हणून तिला दगडी कोट मिळाला. खेड्यांना आपापली सोय स्वतःच करावी लागली. टोळी येतेय अशी खबर आली की बाया-माणसं, गुरंढोरं, जमलंच तर धान्य, असं सगळं गढीत न्यायचं आणि दरवाजा लावून घ्यायचा. पेंढाऱ्यांकडे वेढा घालून बसायला वेळ नसे आणि तटाला खिंडार पाडतील अशा जड तोफाही नसत. दोन दिवस तग धरला की बहुतेकदा संकट टळायचं. गढीची ताकद तेवढ्यापुरती होती आणि तेवढी पुरेशी होती.

दगड सोडून माती का?

पहिलं कारण साधं आहे: दगड जवळ नव्हता. मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, तेल्हारा हा पट्टा पूर्णा नदीच्या गाळाने भरलेला आहे. खडक खूप खोल आहे. याच भागाला खारपाणपट्टा म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर तो पसरलाय आणि तिथलं जमिनीखालचं पाणी खारट आहे. इथे दगड आणायचा तर बैलगाडीने लांबून आणावा लागे. वीट भाजायची तर जळण लागे, आणि सपाट कपाशीच्या मुलखात जंगल कुठलं?

दुसरं कारण मातीतच आहे. वऱ्हाडात दोन माती मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या कागदपत्रांत गावाच्या जमिनीचं वर्णन याच जोडीने येतं.

काळी माती कपाशीला उत्तम, पण भिंतीला वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा मातीची भिंत पहिल्याच वर्षी तडकेल.

पांढरी माती वेगळी. ती शेकडो वर्षांच्या वस्तीतून तयार झालेली असते. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, कोंडा, खापरं हे सगळं थरावर थर साचत जातं. तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण कमी असतं आणि बारीक, भुसभुशीत भाग जास्त असतो. त्यामुळे वाळताना ती फारशी आक्रसत नाही. गावाच्या सगळ्यात जुन्या, उंच भागातली ही माती गढीसाठी वापरायची आणि गढीही त्याच उंचवट्यावर बांधायची, अशी रीत पडली. त्यामुळे पाणी साचत नसे आणि लांबवरचं दिसेही.

भिंत कशी चढायची?

माती खणून तिचा चिखल करायचा. त्यात कुटार आणि शेण मिसळायचं. कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला बारीक भुसा. तो भिंतीत धाग्यांसारखं काम करतो आणि तडा पसरू देत नाही. हा चिखल काही दिवस भिजत ठेवून पायांनी तुडवायचा. मग हातभर उंचीचा थर द्यायचा आणि तो पुरता सुकू द्यायचा. त्यावर पुढचा थर. घाई केली तर खालचा ओला थर वजनाने फुगून बाहेर येतो. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचं आणि मोठ्या गढीला अनेक हंगाम लागायचे.

भिंत पायथ्याशी अनेक फूट रुंद असायची आणि वर निमुळती होत जायची. या ढाळाचे दोन फायदे. वजन खाली नीट उतरतं आणि भिंत बाहेर झुकत नाही. शिवाय मातीची जाड भिंत तोफगोळ्याचा मार दगडापेक्षा वेगळ्या पद्धतीने घेते. दगडी भिंतीचे चिरे फुटतात, निखळतात. मातीत गोळा रुततो.

बुरूज गोल असायचे त्यालाही कारण आहे. मातीच्या बांधकामात कोपरा हा सगळ्यात नाजूक भाग असतो. पाऊस आणि वारा दोन बाजूंनी लागतो आणि तो आधी झिजतो. गोल बुरुजाला कोपराच नसतो. तटावर आणि बुरुजांत बंदुकीसाठी तिरक्या झरोक्यांची रांग असे, त्यांना जंग्या म्हणतात.

जिथे ऐपत होती तिथे पायथ्याचे काही थर आणि दरवाजाची चौकट दगडाची करत. इंग्लंडच्या डेव्हन भागातही मातीची जुनी घरं आहेत. सर वॉल्टर रॅले ज्या घरात जन्मला ते हेज बार्टन त्यातलंच एक. तिथले गवंडी म्हणतात की मातीच्या घराला चांगले बूट आणि चांगली टोपी द्या, म्हणजे ते कायम टिकेल. बूट म्हणजे दगडी जोतं, टोपी म्हणजे न गळणारं छप्पर. गढीचं गणितही हेच होतं.

धाबं: खाऱ्या मातीची टोपी

गढीतल्या वाड्याचं छप्पर सपाट असायचं. वऱ्हाडात त्याला धाबं म्हणतात. कोकणात उतरतं छप्पर लागतं, कारण तिथे पाऊस प्रचंड. मूर्तिजापूर भागात वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे सपाट छप्पर चालून जातं.

सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा तुराट्या. सागवान मेळघाटातून यायचं. त्यावर पाल्याचा थर आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. मात्र इथे साधी माती चालत नाही. शेतकरी ज्या खाऱ्या, चोपण जमिनीला नावं ठेवतो, तीच माती धाब्यासाठी शोधून आणत. त्या मातीत सोडियमचे क्षार जास्त असतात. पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होऊन एकमेकांतल्या फटींमध्ये बसतात आणि वरचा थर जवळपास बंद होतो. याच गुणामुळे शेतात पाणी मुरत नाही आणि पीक हातचं जातं. छपरावर मात्र तोच गुण घर कोरडं ठेवतो. पाणी खाली सोडायला कडेला पन्हळ असत, जेणेकरून धार भिंतीवरून न वाहता लांब पडेल.

जाड भिंत आणि मातीचं छप्पर यांचा उन्हाळ्यातही उपयोग होई. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारची उष्णता अशा भिंतीतून आत पोहोचायला कित्येक तास लागतात. तोवर रात्र झालेली असते आणि बाहेरची हवा थंडावायला लागते.

दरवाजातून आत

गढीचा दरवाजा उंच असे, हत्ती किंवा उंटावरून आलेला पाहुणा आत यावा एवढा. पण रोज तो उघडत नसत. त्याच्या एका फळीत लहान दिंडी असायची आणि येणारा माणूस त्यातून वाकून आत यायचा. मागे जाड लाकडी अडसर भिंतीत सरकवलेला असे. आत शिरताच दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांचे ओटे. वाट बहुतेकदा सरळ न जाता वळायची, म्हणजे बाहेरून आतलं दिसत नाही आणि धावत येणाऱ्याला थांबावं लागतं.

पहिला चौक कामाचा. तिथे सदर किंवा बैठक असे. गादी, लोड, तक्के आणि हिशेबाची दप्तरं. सारा इथे जमा व्हायचा, वाद इथे ऐकले जायचे, आल्या-गेल्याची उठबस इथेच. दुसरा चौक घरचा. ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली. ओसरीवर सागवानी बंगई टांगलेली. बाहेरच्या पुरुषाने या चौकात यायचं नाही हा नियम भिंतींनीच पक्का केलेला असे. माडीवरच्या जाळीतून मात्र घरातल्या बायकांना सदरेवरचं दिसायचं.

पेव ही गढीची खरी तिजोरी. जमिनीत खणलेलं, तोंडाला अरुंद आणि आत फुगीर असं हे कोठार. आतून लिंपून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. हवा न मिळाल्याने किडे जगत नाहीत. दुष्काळात गावाचं पोट या पेवांवर अवलंबून असे, आणि ते कधी कुणासाठी उघडायचं हे ठरवणं हीच मोठी सत्ता होती.

घर म्हणून नव्हे, सत्ता म्हणून

ब्रिटिश इतिहासकार मार्क गिरुआर्ड यांनी १९७८ मध्ये इंग्लिश 'कंट्री हाऊस'वर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की ही घरं राहण्यासाठी होतीच, पण त्याहून जास्त ती सत्ता चालवण्याची ठिकाणं होती. जमीन होती म्हणून खंडाचं उत्पन्न होतं, माणसं होती आणि वजन होतं. ते वजन घराच्या आकारातून दिसायचं.

तिकडेही सुरुवात तटबंदीनेच झाली. श्रॉपशायरमधलं स्टोकसे हे घर लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलं. तट उभारायला राजाची परवानगी लागे, ती त्याला १२९१ मध्ये मिळाली. तीनशे वर्षांनी चित्र पालटलं. १५९० ते १५९७ या काळात बांधलेल्या हार्डविक हॉलच्या दर्शनी भागात भिंतीपेक्षा काचच जास्त दिसते. देशात शांतता आली तशी घरं मोठ्या खिडक्या उघडून बसली.

वऱ्हाडात शांतता आली तेव्हा मात्र गढीला खिडक्या फुटल्या नाहीत. ती रिकामी व्हायला लागली.

गढी रिकामी का झाली?

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. नव्या सरकारने जमिनीची मोजणी केली, प्रत्येक शेताला नंबर दिला आणि सारा थेट खातेदाराकडून घ्यायला सुरुवात केली. परगण्याच्या वसुलीसाठी आता देशमुखाची गरज उरली नाही. वतनाचे काही हक्क पैशाच्या रूपात मिळत राहिले, पण सदरेवर चालणारा कारभार तहसील कचेरीत गेला.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पुढे जात १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव मिळाला होता. पैसा गढीच्या सदरेवरून स्टेशनाकडे सरकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीने बांधलेल्या अरुंद लोहमार्गामुळे मूर्तिजापूर जंक्शन झालं. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. हीच ती पुढे 'शकुंतला' म्हणून ओळखली गेलेली गाडी. जिनिंग, अडत, बँक, वकील, शाळा असं सगळं स्टेशनच्या गावांत आलं. प्रतिष्ठेची घरंही आता शहरात उभी राहू लागली. लोकमान्य टिळकांचे सहकारी, वकील दादासाहेब खापर्डे यांचा अमरावतीच्या राजकमल चौकातला वाडा हे त्या नव्या काळाचं उदाहरण. तिथलं वजन वकिलीतून आणि राजकारणातून आलेलं होतं, त्याला तटबुरुजांची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १९६१ मध्ये महाराष्ट्रात कमाल जमीन धारणेचा कायदा झाला आणि पाटीलकीची वतनंही गेली. गढीला पोसणारी शेवटची व्यवस्था संपली.

वारसाहक्काचा फरकही इथे मोठा आहे. इंग्लंडमध्ये घर आणि जमीन थोरल्या मुलाकडे जायची, त्यामुळे वास्तू अखंड राहायची. आपल्याकडे सगळे मुलगे वाटेकरी. दोन-तीन पिढ्यांत एका चौकाचे चार मालक होतात. मध्ये भिंत घातली जाते, एक भाऊ पुण्याला असतो, दुसरा अमरावतीला. धाबं गळायला लागलं की कुणी दुरुस्त करायचं हा प्रश्न पडतो आणि तो प्रश्न सुटेपर्यंत दोन पावसाळे निघून जातात.

माती विरघळते कशी?

मातीच्या वास्तूला दरवर्षी हात लागतो. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपायची, पन्हळ साफ करायचे, पावसाने धुपलेल्या भिंतींना दिवाळीआधी लिंपायचं. हे काम कधीच 'पूर्ण' होत नाही.

पूर्वी ते कोण करायचं? मजुरीने येणारे लोक होते, बलुतेदार होते आणि वेठबिगारही होती. ज्यांच्या वाट्याला मातीचा चिखल तुडवणं आलं, त्यांतल्या अनेकांना दुसऱ्या चौकात तर सोडाच, देवडीच्या पुढेही पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यामुळे गढीची आठवण गावात सगळ्यांची सारखी नाही. कुणाला तिथला गणपती आठवतो, कुणाला दाराबाहेर उभं राहून घातलेला जोहार. ही सक्ती संपली हे चांगलंच झालं. पण त्या जागी दुरुस्तीची दुसरी कोणतीही व्यवस्था आली नाही, हेही खरं.

हात थांबला की पडझडीचा क्रम ठरलेला असतो. आधी धाबं गळतं आणि तुळया कुजतात. छप्पर खाली आलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, त्यावर पाणी साचतं आणि आतून घळी पडतात. खाली पायथ्याशी जमिनीतलं खारं पाणी भिंतीत चढतं. ते वाळलं की क्षारांचे स्फटिक मातीचे पापुद्रे काढतात, ज्याला लोणा लागणं म्हणतात. मग पिंपळ उगवतो. अनेक ठिकाणी कळवळ्याने सिमेंटचा गिलावा केला जातो, त्याने नुकसान वाढतं. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, आतली माती मऊ होते आणि एके दिवशी गिलाव्यासकट भिंत उतरते.

शेवटचा घाव फावड्याचा. पांढरी माती राख आणि शेणामुळे कसदार असते, म्हणून ती ट्रॉलीने वावरात नेऊन टाकतात. गढी अशी अक्षरशः शेतात पसरली जाते. तिच्यासोबत खालचे थरही जातात. अनेक पांढरींच्या पोटात फार जुन्या वस्त्या आहेत. अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर आणि वर्धेजवळचं पवनार इथे १९६०च्या दशकात उत्खननं झाली, तेव्हा अशाच पांढरीच्या थरांतून दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे पुरावे मिळाले. खतासाठी नेलेल्या मातीतल्या खापरांची मात्र कुठेच नोंद होत नाही.

इंग्लंडने काय केलं, इथे काय करता येईल?

इंग्लंडमधली घरंही आपोआप वाचलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेतीचं उत्पन्न घसरलं, १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर आला, नंतर दोन महायुद्धं झाली. शेकडो घरं मालकांनी स्वतः पाडली. १९३०च्या दशकात नॅशनल ट्रस्ट या संस्थेने अशी घरं स्वीकारायची योजना सुरू केली: घर संस्थेकडे, कुटुंबाला आत राहण्याची मुभा आणि लोकांना ते पाहता यायला हवं. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडलेल्या घरांवर प्रदर्शन भरवलं आणि लोकमत बदलायला मदत झाली. दगडी घरंसुद्धा दुरुस्तीला पैसा आणि माणूस मिळाला तरच टिकतात, हे तिथे कळून चुकलं.

आपल्याकडे एखादी वास्तू संरक्षित व्हायची तर केंद्राच्या १९५८च्या किंवा राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली तशी अधिसूचना निघावी लागते. बहुतेक गढ्या खासगी मालकीच्या आहेत आणि अशा यादीबाहेर आहेत. प्रत्येक गढी वाचवणं शक्यही नाही. पण काही गोष्टींना सरकारची वाट पाहावी लागत नाही.

पहिली म्हणजे छप्पर. धाबं पुन्हा घालणं परवडत नसेल तर वरून साधे पत्रे टाकले तरी चालतात. दिसायला वाईट, पण आतलं सागवान आणि भिंती वाचतात. दुसरी, पायथ्यापासून पाणी लांब नेणारी नाली. तिसरी, दुरुस्ती मातीची मातीनेच, कुटार घालून. चौथी, पडण्याआधी मोजमाप आणि फोटो. गावातल्या शाळेचे विद्यार्थीही टेप लावून नकाशा काढू शकतात. पाचवी, पेट्यांमध्ये पडलेले मोडी कागद. भिंत पडली तर पुन्हा घालता येते, वाळवीने खाल्लेलं दप्तर परत मिळत नाही.

मालकीचा गुंता सोडवायलाही आता थोडी मदत आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रकं दिली जातात. वाटेकऱ्यांची नावं कागदावर आली तर निदान कुणाशी बोलायचं हे तरी कळतं. एखाद्या कुटुंबाने गढीची जागा ग्रामपंचायतीला वाचनालयासाठी किंवा गावाच्या कार्यक्रमांसाठी द्यायची ठरवली, तर तेही मग सोपं होतं.

आणि नुसती गढी पाहायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: आधी लांबून भिंतीचा ढाळ पाहा. मग पडलेल्या बुरुजाच्या कापलेल्या बाजूला जवळून बघा. हातभर उंचीचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात आणि त्यांत कुटाराच्या काड्या अजून शाबूत असतात. भिंतीच्या पोटात खापराचा तुकडा दिसला तर तो उपटून खिशात टाकू नका, जागेवरच राहू द्या. गढीच्या खाली आधीचं कोणतं गाव होतं, हे सांगणारा तो कदाचित एकमेव पुरावा असेल.